रग्बी, फुकटचा बार आणि भुसावळचं कुलूपबंद मैदान

दर चार वर्षांनी रग्बीचा वर्ल्ड कप येतो, आणि दर चार वर्षांनी हापिसात जेवणाच्या टेबलवर कोणीतरी पोळीचा तुकडा मोडत तेच वाक्य टाकतो: "आपल्या लोकांची ती बॉडीच नाही रे." दुसरा मान डोलावतो, तिसरा मोबाईलवर न्यूझीलंडवाल्यांचा हाका लावतो, आणि गाडी पुन्हा अप्रेझलवर येते. २०२३ ला दक्षिण आफ्रिकेनं न्यूझीलंडला फायनलमध्ये १२-११ असं एका गुणानं हरवलं, त्यानंतरच्या सोमवारी हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकलं. तीनही जण पुण्यात चांगल्या पगारावर असलेले, जिमला जाणारे इंजिनियर. बॉडीबद्दल बोलणारे नेहमी हेच असतात ब्वॉ :)

मला ह्या वाक्याचा राग येतो. एकतर ते धादांत खोटं आहे. दुसरं म्हणजे, ज्यांनी हा खेळ भारतात शंभर-सव्वाशे वर्षं अडवून धरला, ते ह्या वाक्यामुळे फुकटात सुटतात. म्हणून ह्या विकांताला जरा सविस्तर.

आधी ज्यांना खेळच माहीत नाही त्यांच्यासाठी. पंधरा विरुद्ध पंधरा, ऐंशी मिनिटं, लंबगोल बॉल. बॉल हातात घेऊन पळायचं. पुढे लाथ मारता येते, पण हातानं पास द्यायचा तर मागेच द्यायचा (सगळी गंमत इथे आहे). समोरच्याच्या रेषेपलीकडे नेऊन बॉल जमिनीला टेकवला की ट्राय, पाच गुण. ज्याच्या हातात बॉल आहे त्याला खांद्याच्या खाली धरून पाडता येतं. हेल्मेट, छातीला पॅड वगैरे भानगड नाही. ते अमेरिकन फुटबॉल, वेगळं. ऑलिंपिकमध्ये असतं ते सेव्हन्स: सात-सात जण, सात-सात मिनिटांचे दोन हाफ, नुसती धावपळ. भुसावळच्या माझ्या एका शाळासोबत्याला हे सगळं समजावल्यावर तो म्हणाला, "म्हंजे कबड्डीतली पकड, आखाड्यातला पट, अन् मधात बॉल. एवढंच ना भो?" एवढंच.

आता इतिहास. भारतातला रग्बीचा प्रसिद्ध पहिला सामना कलकत्त्यात झाला, १८७२ च्या नाताळच्या दिवशी. एका बाजूला इंग्लंडचे वीस, दुसऱ्या बाजूला स्कॉटलंड, आयर्लंड आणि वेल्सचे मिळून वीस (तेव्हा वीस-वीस खेळायचे). पुढच्याच महिन्यात, जानेवारी १८७३ मध्ये, कलकत्ता फुटबॉल क्लब निघाला. सुरुवातीला सभासद भराभर आले. मग पलटण दुसरीकडे गेली, उकाडा सोसेना, साहेबांना पोलो आणि टेनिस जास्त आवडायला लागलं, आणि सगळ्यात मोठा घाव म्हणजे क्लबातला फुकटचा बार बंद झाला. बार बंद, सभासद पसार! शेवटी उरलेल्यांनी बँकेतली शिल्लक काढली. २७० चांदीचे रुपये. ते वितळवून एक कप घडवला: तीन नागांच्या मुठी आणि झाकणावर हत्ती. १८७८ ला तो इंग्लंडच्या रग्बी युनियनला देऊन टाकला. तोच कलकत्ता कप. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्याच्यासाठी खेळतात, आजही. १९८८ ला तर दोन्ही संघांच्या एकेका खेळाडूनं दारूच्या नशेत एडिंबराच्या रस्त्यावर तो कप लाथाडत नेला आणि चेपवला.

जगातल्या सगळ्यात जुन्या आंतरराष्ट्रीय रग्बी चषकांपैकी एक हिंदुस्थानी रुपयांतून घडला. आणि भारताचा राष्ट्रीय रग्बी संघ पहिला आंतरराष्ट्रीय सामना कधी खेळला? १९९८ मध्ये! १८७२ ते १९९८, म्हणजे १२६ वर्षं. मधल्या काळात हॉकीत आपण १९२८ ला ऑलिंपिक सुवर्ण आणलं, क्रिकेटमध्ये १९३२ ला कसोटी खेळलो, फुटबॉलमध्ये १९४८ च्या ऑलिंपिकला आपली पोरं अनवाणी उतरली. हे सगळे खेळ साहेबानंच आणलेले. बॉडीही तीच, हवाही तीच. मग एकाच खेळाला सव्वाशे वर्षं का लागली?

आमच्या धंद्यात ह्याला रूट कॉज काढणं म्हणतात. माझ्या मते कारण एकच आहे: कंपाउंड वॉल.

क्रिकेटचं काय झालं ते बघा. बॉम्बे जिमखाना १८७५ चा, गोऱ्यांचा. पण पारशांनी त्याआधीच, १८४८ ला, स्वतःचा क्रिकेट क्लब काढला होता. १८८५ ला पारशी जिमखाना झाला, १८९४ ला हिंदू जिमखाना. मैदानासाठी अर्ज-विनंत्या केल्या, भांडले, समुद्राकाठी जागा मिळवली. पुण्यात पळवणकर बाळू गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामं करता करता नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकायचे. जातीपायी त्यांना आपल्याच संघात चहा वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि पॅव्हेलियनच्या बाहेर मिळायचा. तरी १९०६ ला हिंदूंच्या संघानं युरोपियनांना हरवलं त्यात ते होते. म्हणजे क्रिकेट भिंत ओलांडून बाहेर आलं ते साहेबाच्या मेहरबानीनं आलेलं नाही. बाहेरच्यांनी आपली मैदानं उभी केली. (आत कोण येणार ह्याच्या आपल्या स्वतःच्या भिंती तेव्हाही होत्याच, तो वेगळा आणि जास्त लाजिरवाणा विषय.)

रग्बीसाठी असं कोणी केलं नाही. खेळ जिमखान्यांत राहिला: कलकत्ता, मद्रास, मुंबई. १९२४ पासून अखिल भारतीय स्पर्धा भरते खरी, पण कित्येक वर्षं ती म्हणजे क्लबवाल्यांचं आपापसातलं स्नेहसंमेलन. १९४७ ला साहेब गेला, सभासदांची यादी बदलली, भिंतीची उंची तीच राहिली. क्लब, दोन-चार इंग्रजी शाळा आणि लष्कर, ह्यापलीकडे खेळ सरकलाच नाही. लष्कराला मी दोष देणार नाही. खेड्यातल्या पोराच्या हातात हा बॉल देणारी ती बराच काळ एकमेव जागा होती.

आता बॉडीवाल्यांसाठी खास: श्रीलंका. तिथेही हाच साहेब, हेच चहामळेवाले, हेच क्लब. लोक आपल्यासारखेच, उंचीनं थोडे कमीच असतील. फरक एकच, तिथे खेळ शाळांत गेला. कँडीच्या किंग्जवूड कॉलेजात १८९१ ला रग्बी सुरू झाली. कँडीचं ट्रिनिटी आणि कोलंबोचं रॉयल ह्या दोन शाळांमध्ये १९४५ पासून ब्रॅडबी शील्डसाठी सामने होतात, आणि त्या शाळेच्या मॅचला जी गर्दी लोटते ती आपल्याकडे रणजी फायनलला दिसत नाही. भात-मासे खाणाऱ्या पोरांची बॉडी तिथे चालते म्हणे.

आणि जपान? २०१५ च्या वर्ल्ड कपमध्ये जपाननं दक्षिण आफ्रिकेला ३४-३२ हरवलं. दक्षिण आफ्रिकेला! २०१९ ला क्वार्टर फायनल गाठली. त्यांच्या संघात बाहेरून आलेले खेळाडू होते हे मान्य, कोणी म्हणायच्या आत मीच सांगतो. पण बाकीचे जपानीच होते, आणि शाळा-कॉलेजातूनच आले होते.

तर १९९८. त्या पहिल्या संघात राहुल बोस होता. हो, तोच सिनेमावाला. तुम्हाला-मला भारतीय रग्बीबद्दल एवढी एकच गोष्ट माहीत असते, आणि ह्यातच सगळं आलं. एकशे वीस वर्षं जुन्या खेळाची ओळख काय, तर एक नट तो खेळतो. (माणूस मात्र मनापासून खेळला, आणि पुढे संघटनेचा अध्यक्षही झाला. त्याच्याशी माझं भांडण नाही.) नंतर मुंबईचा नासिर हुसेन बरीच वर्षं कर्णधार होता, इंग्लंडच्या क्रिकेटवाल्याशी नुसतं नामसाधर्म्य. २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थमध्ये यजमान म्हणून आपण सेव्हन्स खेळलो. ज्या गटात दक्षिण आफ्रिका, वेल्स आणि टोंगा आहेत तिथे काय होणार ते झालं. पुरुषांचा पंधरा जणांचा संघ आशियातल्या खालच्या विभागांत चढ-उतार करत राहिला. प्रामाणिकपणे सांगायचं तर ह्या खात्यात मिरवण्यासारखं फार काही नाही.

मिरवण्यासारखं आहे ते दुसऱ्या खात्यात, आणि ते जिमखान्यातून आलेलं नाही.

भुवनेश्वरच्या किस ह्या आदिवासी मुलांच्या निवासी संस्थेतली चौदा वर्षांखालची पोरं २००७ ला इंग्लंडमध्ये आंतरराष्ट्रीय शालेय स्पर्धा जिंकून आली. अंतिम सामन्यात दक्षिण आफ्रिकेच्या संघाला हरवलं. ह्यावर 'जंगल क्राय' नावाचा सिनेमाही आला. पुढे त्याच संस्थेतून मुली यायला लागल्या: सुमित्रा नायक, हुपी माझी. तिकडे कोलकात्यात पॉल वॉल्श ह्या इंग्रज माणसानं २००४ च्या सुमारास जंगल क्रोज नावाचा क्लब काढला आणि मैदानावर भटकणाऱ्या पोरांना खेळवायला सुरुवात केली. हेच लोण जलपायगुडी जिल्ह्यातल्या सरस्वतीपूर चहामळ्यात पोचलं, आणि चहा खुडणाऱ्या घरांतून संध्या राय, लछमी ओराँव अशा मुली भारतीय संघात आल्या. बिहारच्या नालंदा जिल्ह्यातून श्वेता शाही आली. आपल्या महाराष्ट्रातून पुण्याची वाहबिझ भरूचा, जी संघाची कर्णधार राहिली, आणि कोल्हापूरच्या वैष्णवी पाटील, कल्याणी पाटील.

ह्या मुलींनी काय केलं ते नीट वाचा. २०१८ मध्ये सिंगापूरला भारताचा महिलांचा पंधरा जणींचा संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला. फिलिपीन्सकडून हरला, सिंगापूरकडून ५-३० असा हरला. बरोबर एका वर्षानं, जून २०१९ मध्ये, फिलिपीन्समध्ये पुन्हा सिंगापूर समोर. सामना संपत आलेला, भारत मागे, आणि सुमित्रा नायकनं पेनल्टी मारली. २१-१९. पंधरांच्या खेळातला भारतीय महिलांचा पहिला विजय. पहिला पराभव ते पहिला विजय, मध्ये फक्त एक वर्ष. जिमखान्यांना पहिला संघ उभा करायलाच सव्वाशे वर्षं लागली होती हे लक्षात असू द्या.

२०२२ ला जाकार्तात आशियाई सेव्हन्स ट्रॉफीत महिलांनी रौप्य आणलं. ही ट्रॉफी म्हणजे आशियातली दुसरी पायरी, अव्वल फळी नाही, हे मी लपवत नाही. पण दुसऱ्या पायरीवरचं रौप्य आणि 'आपल्याकडे हा खेळच नाही' ह्यात फार मोठं अंतर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांखालच्यांची आशियाई सेव्हन्स स्पर्धा भारतात झाली. कुठे? मुंबईत नाही, दिल्लीत नाही. बिहारमध्ये, राजगीरला, श्वेता शाहीच्या नालंदा जिल्ह्यात. मुलींनी तिथे कांस्य जिंकलं.

बिहार म्हटलं की ज्यांच्या ओठांवर आपोआप हसू येतं त्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं, आणि मग माझ्यासोबत भुसावळला यावं.

भुसावळ म्हणजे रेल्वे. गाडी इथे १८६० च्या सुमारास पोचली, मग इथून एक फाटा नागपूरकडे गेला, एक इटारसीकडे. रेल्वेच्या प्रत्येक मोठ्या वसाहतीत साहेबानं इन्स्टिट्यूट बांधल्या: बिलियर्ड्सचं टेबल, नाचाला लाकडी फरशी, बाहेर टेनिस कोर्ट आणि मैदान. युरोपियनांची वेगळी, नेटिव्हांची वेगळी. मुंबईतला जिमखाना तो हाच, फक्त छोट्या साईजचा. इथूनच हॉकी, फुटबॉल, क्रिकेट गावात झिरपलं. आज गावाच्या आजूबाजूला मोजा: रेल्वेचा कारखाना, झेडटीसी, ऑर्डनन्स फॅक्टरी, पलीकडे वरणगावची फॅक्टरी, दीपनगरचं पॉवर स्टेशन. जागेची टंचाई असलेलं हे गाव नाही. पुण्यात मैदान मागायचं तर कोणत्या बिल्डरच्या पोटावर पाय देणार हा प्रश्न येतो. भुसावळात मैदानं आहेत. त्यांना गेट आहे, गेटला कुलूप आहे, आणि किल्ली ज्याच्याकडे आहे तो नेहमी जेवायला गेलेला असतो.

आकडेच हवे असतील तर घ्या. न्यूझीलंडची लोकसंख्या ५० लाखांच्या थोडी वर. जळगाव जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत ४२ लाखांहून जास्त होती. फिजीची साधारण ९ लाख, म्हणजे पाच भुसावळं. त्या फिजीनं २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये सेव्हन्सचं सुवर्ण घेतलं, फायनलला ब्रिटनला ४३-७ धुवून. देशाच्या इतिहासातलं पहिलंवहिलं ऑलिंपिक पदक. टोकियोत पुन्हा सुवर्ण. मी काही जळगाव जिल्हा उद्या ऑल ब्लॅक्सला हरवेल असं म्हणत नाहीये. म्हणतोय एवढंच, की माणसं कमी पडतात म्हणू नका.

"अरे पण शेहेचाळीस डिग्रीत रग्बी?" हा पुढचा प्रश्न. मुंबईत रग्बी पावसाळ्यात खेळतात, कारण पडायला जमीन मऊ लागते. आमची काळी माती जुलैत काय होते हे खान्देशी माणसाला सांगायला नको. चपलेला दोन किलो चिकटते. क्रिकेटचा जो सीझन बुडतो तोच रग्बीचा. मैदान चार महिने असंही रिकामं पडलेलं असतं. "खर्च?" दोन संघांत मिळून एक बॉल. बॅट नाही, पॅड नाही, पिच नाही, नेट नाही. दातांना एक गार्ड लागतो. क्रिकेट कोचिंगची महिन्याची फी आणि किटचा खर्च एकदा कागदावर मांडा, मग बोलू.

"क्रिकेटनं सगळं खाल्लं" हेही ऐकून कान किटलेत. क्रिकेटनं कबड्डीही खाल्ली असती ना मग? २०१४ ला प्रो कबड्डी आली आणि तेच लोक रात्री चढाई बघत बसले. कारण कबड्डी प्रत्येक गावात खेळलेली होती. टीव्हीनं फक्त दिवा लावला, घर आधीच बांधलेलं होतं.

आणि इथेच माझं रग्बी प्रीमियर लीगशी भांडण आहे. जून २०२५ मध्ये अंधेरीच्या शहाजी राजे क्रीडा संकुलात ती पहिल्यांदा झाली. सहा संघ, परदेशी स्टार, झगमगाट, चेन्नई बुल्स जिंकले. मी बघितली, मजा आली, नाही म्हणणार नाही. पण सगळी लीग एका शहरात, एका मैदानावर! घर न बांधता दिवा लावला. भुसावळच्या पोरीनं ती टीव्हीवर पाहिली, तिला आवडली, पुढे काय? जवळचा कोच कुठे? कोणाकडे नाव द्यायचं? ओडिशात ह्या प्रश्नाला उत्तर आहे, जलपायगुडीच्या चहामळ्यात आहे, राजगीरला आहे. खान्देशात नाही. लीगवर खर्च होणाऱ्या पैशातून जिल्ह्याला एक कोच आणि पन्नास बॉल निघत नसतील तर मला त्या हिशोबाची स्प्रेडशीट बघायला आवडेल.

राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांत रग्बी आहे (२०२२ ला गुजरातेत सेव्हन्स झाली). ऑलिंपिकमध्ये आहे, एशियाडमध्ये आहे. म्हणजे पदक, प्रमाणपत्र, नोकरी, हा सगळा रस्ता कागदावर उघडा आहे. कबड्डीत एका जागेसाठी शंभर मुली रांगेत असतात, रग्बीत रांगच नाही. सावद्याच्या किंवा रावेरच्या केळीच्या बागेत बापाबरोबर घड उचलणाऱ्या मुलीला, जिची पकड तालुक्यात कोणाला सुटत नाही, हा रस्ता कोणी दाखवतच नाही. तिच्यासाठी हा प्रश्न बारावीनंतर लग्न की आणखी काही, इथवर जातो. टेबलवरच्या बॉडीवाल्यांना ही मुलगी दिसत नाही कारण ती त्यांच्या जिममध्ये नाही.

तो शाळासोबती, वर ज्याचं वाक्य दिलं, तो आता खेळाचा मास्तर आहे. गेल्या दिवाळीत मी त्याला एक बॉल नेऊन दिला. त्यानं पावसाळ्याआधी गावातल्या एका मोठ्या मैदानासाठी अर्ज केला: आठवड्यातून तीन दिवस, संध्याकाळी पाच ते सात, शाळेच्या मुली. पहिल्यांदा सांगितलं साहेब रजेवर आहेत. मग सांगितलं खेळाचं नाव यादीत नाही, क्रिकेट लिहून आणा. तो म्हणाला, "खोटं कशाला लिहू भो?" अर्ज अजून तिथेच आहे.

मुली सध्या शाळेच्या आवारात टच रग्बी खेळतात, म्हणजे पाडायचं नाही, नुसता हात लावायचा. तिथे खाली मुरूम आहे. मागे पास द्यायचं तंत्र त्यांना दोन आठवड्यांत जमलं असं तो सांगतो, आणि आता रोज एकच प्रश्न विचारतात: सर, पाडायचं कधी शिकवणार?